जैनब आणि कांद्याच्या साली

जैनब पहाटे चारला उठायची. शारजाहून बसने दुबईच्या प्रयोगशाळेत जायचं आणि दिवसभर काचेची भांडी घासायची, उकळायची, वाळवायची. ओझं नव्हतं, पण एक डाग राहिला की सगळा ढीग पुन्हा.

तिचा नवरा यूनुस आमच्या बांधकामाच्या टोळीत सळया बांधायचा. रत्नागिरीकडचा. तिरसट, पण कामाला पक्का. शारजाच्या एकाच फ्लॅटमध्ये एका खोलीत ते दोघं, दुसरीत आम्ही टोळीवाले. मंदी आली, टॉवर अर्धवट सोडून कंपनीने निम्मी माणसं काढली, त्यात यूनुसही. नोकरीबरोबर विमाही गेला. त्याच वर्षी यूनुसचा डावा गुडघा सुजला. डॉक्टर म्हणाले, मांडीच्या हाडाचा कॅन्सर. पाय कापा, नाहीतर छातीत जाईल.

"एका पायावर सळया बांधू?" यूनुस म्हणाला. "त्यापेक्षा कबर खणा."

प्रयोगशाळेतल्या आभा मॅडम हाडाच्या कॅन्सरच्या पेशींवर कांद्याच्या सालीतला फ्लेवोनॉइड टाकून बघत होत्या. झाडं स्वतःच्या बचावासाठी बनवतात तसला पदार्थ. एकदा त्यांनी जैनबला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. पेशी आकसली, तिच्या अंगावर फोड आले, मग फुटून चिंध्या झाल्या.

"औषधाने मारलं?"

"औषधाने तिला स्वतःला मारायला लावलं. प्रत्येक पेशीच्या आत सुऱ्या असतात, बंद करून ठेवलेल्या. त्या सुटल्या की तिचाच गाभा चिरतात."

जैनबने हे घरी सांगितलं. आमच्याकडे कुठल्याही दुखण्यावर आधी काढा होतो, डॉक्टर नंतर. कंपनीच्या मेसमध्ये रोज पोतंभर कांदा सोलला जाई. साली आम्हीच आणून द्यायचो. ती उकळायची, यूनुस प्यायचा आणि ऑपरेशन पुढे ढकलायचा. हिवाळा संपेपर्यंत गुडघा नारळाएवढा झाला. तो तोंडात टॉवेल कोंबून ओरडायचा.

शेवटी जैनबने मॅडमना काढ्याचं सांगितलं. मॅडमनी सूक्ष्मदर्शक बंद केला.

"अगं, आम्ही ते थेट पेशींवर ओततो. प्यायलेलं पोटात आणि लिव्हरमध्ये बदलून जातं. हाडापर्यंत तेवढं पोचत नाही. माणसावर काहीच सिद्ध झालेलं नाही. त्यांना आजच्या आज ॲडमिट कर."

घरी येऊन तिने पातेलं मोरीत उपडं केलं. "खलास. हॉस्पिटलात चला."

"पाजलंस तू, आणि ओततेस पण तूच?"

"मीच. चुकले. उठा."

यूनुसने तेच पातेलं तिच्या तोंडावर हाणलं. भुवई फाटली, पुढचा दात जमिनीवर पडला. आम्ही धावत आलो तेव्हा ती दाराला पाठ लावून उभी होती. "अजून मारा," ती म्हणाली. "मारून झालं की चला."

त्याने पुन्हा पातेलं उगारलं आणि सगळा भार डाव्या पायावर दिला. कडाड आवाज झाला. मांडी गुडघ्याच्या वर उलटी वळली, हाडाचं टोक कातडी फाडून बाहेर आलं. यूनुस कोसळला आणि गुरासारखा हंबरायला लागला.

"हमदुल्लाभाई, फळी आणा. यल्ला, लवकर," जैनब रक्त थुंकत म्हणाली. मी फळी आणली. सळया बांधायच्या तारेला कापड गुंडाळून आम्ही पाय फळीला आवळला. जिना उतरेपर्यंत तिने त्याचा पाय सोडला नाही. तो तिला शिव्या देत होता.

डॉक्टरांनी पाय कंबरेपासून काढला. मग केमो. यूनुस वाचला.

जैनब आणखी कित्येक वर्षं भांडी घासत राहिली. पगार यूनुसच्या ऑपरेशनच्या आणि केमोच्या खर्चात गेला. दात बसवायला काही उरलं नाही.