तडकलेल्या टाइल्सचे फोटो

दुबईजवळच्या रास अल खैमाच्या एका सिरॅमिक कारखान्यात गुणवंत खांबेटे क्वालिटी मॅनेजर होते. भट्टीत तडकलेल्या टाइल्स फेकून देण्याआधी ते त्यांचे फोटो काढून इन्स्टाग्रामवर टाकत. एक दिवस पोलंडमधल्या छोट्या स्वतंत्र मासिकाचा मेसेज आला. मासिकवाले पोर्तुगालच्या कलाकारांबरोबर प्रदर्शन भरवत होते आणि त्यासाठी व अंकात छापायला त्यांना हे फोटो हवे होते.

गुणवंतरावांच्या मनात पाल चुकचुकली. "एवढ्या लांबून उगाच कोण विचारतं? यांना कंपनीची भानगड शोधायची असणार."

"बाबा, दे आर जेन्युइन," शुभ्रा म्हणाली. इथेच वाढलेल्या या मुलीचा कुणावरही चटकन विश्वास बसे.

शेवटी त्यांनी कंपनीला विचारून फोटो पाठवले, पण छापण्याआधी पानं दाखवायची अट घातली. पानं आली. शुभ्राने मोबाइलवर भाषांतर केलं आणि मोबाइल बाबांपुढे धरला. फोटोंखाली लिहिलं होतं, 'वाळवंटातल्या पिचलेल्या मजुराचा मूक आक्रोश.'

गुणवंतरावांनी संपादक मार्ताला व्हिडिओ कॉल लावला. "मॅडम, मी मजूर नाही आणि आक्रोशही करत नाही. मला हे तडे सुंदर दिसतात, एवढंच. तेच छापा, नाहीतर खलास!"

मार्ताचा चेहरा उतरला. "आम्ही तुम्हाला न विचारताच ठरवून टाकलं. चुकलंच."

पोर्तुगालमध्ये प्रदर्शन उघडलं, तेव्हा फोटोंखाली गुणवंतरावांचंच वाक्य होतं, 'मला हे तडे सुंदर दिसतात', तेही मराठीत. शुभ्राने लिंक उघडून दिली. गुणवंतरावांनी प्रत्येक ओळ मोठी करून तपासली आणि मगच बायकोला हाक मारली, "विभावरी, ये, बघ!"