काजळाच्या रेघा

परवा आईला घेऊन हिंगोलीच्या मार्टात गेले, काउंटरवर बारकोड वाजला आणि मला एकदम लिंबाच्या पाल्याचा वास आला. लहानपणी कळमनुरीत मला कांजिण्या निघाल्या. घरात देवी आली म्हणून मागच्या खोलीत, पाल्यावर, खिडकी लावून मला कोंडलं. सोबतीला जहाजावरच्या मामानं आणलेला गेम. त्याच्या खाचेतून बारकोड ओढला की तो वाजायचा आणि पडद्यावर लढायला शिपाई निघायचा. पण आमचा किराणा कागदाच्या पुड्यांत यायचा. साबणाच्या खोक्याचा कापून ठेवलेला एकच बारकोड होता; तोच शिपाई रोज निघायचा, रोज मरायचा. शेजारणीच्या मिक्सरच्या खोक्यावर दुसरा होता. "काप ना गं!" मी आईजवळ रडले. "देवी घरात असताना कात्री लावत न्हाईत, लेकरा." दुसऱ्या दिवशी तिनं वहीचा फाडलेला पुठ्ठा दिला. त्यावर मिक्सरच्या खोक्यावरच्या रेघा एकेक बघून काजळानं काढलेल्या. मी ओढला. यंत्र गप्प. "निगाला का शिपाई?" "व्हय, लई मोठा हाय." मग ती कौतुकानं उंबऱ्यावरच बसली, आणि मी दिवस मावळेपर्यंत कोऱ्या पडद्यावर बटणं दाबत राहिले. परवा काउंटरवर बारकोड पुन्हा वाजला, तशी आई पिशवी सावरत म्हणाली, "माझ्या रेघा वाजल्या न्हाईत तवा. ठाव हाय मला."