हाक ऐकू येईल असं यंत्र

तुमच्या घरातला सगळ्यात हळू आवाजाचा माणूस आज काय बोलला, सांगता येईल तुम्हाला? अख्खं वाक्य नको. एक शब्द सांगा.

मला सांगता येत नाही. आणि मी अशा माणसाची मुलगी आहे, ज्याचा आवाज रिसोडच्या बाजारात सोयाबीनच्या ढिगांवरून एसटी स्टँडपर्यंत जायचा. बाबांना माईक लागत नसे. ते पत्रकं लिहायचे. वस्तीच्या नळासाठी, वसतिगृहातल्या किडक्या डाळीसाठी, बायकांच्या मजुरीसाठी. स्वतः लिहायचे, स्वतः वाटायचे आणि कोणी न वाचता खिशात घातलं तर त्याच्यासमोर उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवायचे. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांच्या प्रुफांवर. मला पूर्णविरामाच्या आधी उद्गारचिन्ह माहीत झालं. आमच्याकडे पाहुणा आला की त्याला आधी पाणी मिळे, मग पत्रक, आणि चहा उरला तर चहा.

मग बाबांना लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि आवाज इतका बारीक झाला की वाळलेल्या पानावरून मुंगी चालावी. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "उरलाय तेवढा आवाज जपा. जपा म्हणजे गप्प बसवू नका, वापरायला लावा. रोज हाका मारू द्या. हाकेला कोणी आलं नाही तर माणूस हाक मारणं सोडतो, आणि मग हेही जाईल."

इतकी साधी गोष्ट होती. हाक मारली की कुणीतरी यायचं.

आमचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीवर टिन. त्याच खोलीत बाबांची खाट आणि खाटेपासून हातभर अंतरावर माझ्या धाकट्या भावाचं टेबल. आई अंगणवाडीत मदतनीस, ती सकाळी जायची. मी शिकवणीच्या वर्गावर शिकवायला जायचे. भाऊ बाहेरून बी.ए. करत होता, म्हणजे घरीच होता, म्हणून बाबा त्याच्यावर सोपवलेले. तो गेम खेळायचा. त्यानं कुणाकडून तरी जुना गेमिंग कॉम्प्युटर आणला होता. तो चालू झाला की पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं वाटे. त्या आवाजावर उपाय म्हणून भाऊ कानावर हेडफोन चढवायचा.

एका दुपारी आई आली तर बाबा ओल्या चादरीवर पडलेले, पाण्याचा गिलास खाली लवंडलेला, आणि भाऊ हातभर अंतरावर कुठल्या तरी दूरच्या शहरात गोळ्या झाडत होता. आईनं हेडफोन ओढून काढला.

"काहून रे, बहिरा झाला काय? बाप कवाचा हाका मारून राह्यला!"

"मले ऐकूच नाई आलं, माय."

"ऐकू कसं येईल? घरात मशीन आणून ठेवलं न तू, मळणीचं!"

मी संध्याकाळी आले आणि भाषण ठोकलं. मला दुसरं काही येत नाही. मी म्हणाले, तरुणांचे हात रिकामे ठेवायचे आणि डोळे पडद्यावर खिळवायचे, हाच तर डाव आहे. ज्या घरातून पत्रकं निघाली त्या घरात असले खेळ चालणार नाहीत.

भाऊ शांतपणे म्हणाला, "ताई, बाबाचे पत्रकं लोकं भजे बांधायले नेत होते. मी तरी कोनाले भजे नाई चारत."

खाटेवरून खसखस असा आवाज आला. बाबा हसत होते. आम्ही दोघंही वाकलो तेव्हा कळलं, ते काहीतरी विचारतायत. "त्या खेळात कोन कोनाले मारते?"

"जो आधी दिसते तो मरते, बाबा."

"मंग आपल्यासारकंच हाये," बाबा म्हणाले.

भांडण तिथं संपलं. भावाला गेम सोडायचा नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यानं तो सोडावा असं मलाही मनातून म्हणवेना. दिवसभर बापाचं हगणं-मुतणं काढणाऱ्या तरुण मुलाला त्या खोलीबाहेर जायला तेवढीच एक खिडकी होती. पण त्यानंच दुसऱ्या दिवशी सांगितलं, "मी नवा बांधतो. असा, की बाबानं हळूच जरी म्हटलं तरी मले ऐकू आलं पाह्यजे. हेडफोन बंद."

अशी आमच्या घरात शांत कॉम्प्युटर बांधायची मोहीम सुरू झाली. ती मी जवळून पाहिली, कारण मला तिच्यात खोट काढायची होती. भाऊ म्हणाला, आवाज पंख्यांचा असतो, आणि पंखे ओरडतात ते गरमीनं. गरमी नीट बाहेर काढली तर पंख्यांना ओरडावं लागत नाही. हे मला एकदम पटलं. बाबांनी आयुष्यभर तेच सांगितलं होतं, फक्त माणसांबद्दल.

कुरिअरवाला एकेक खोकं आणून द्यायचा आणि विचारायचा, "दुकान टाकता काय बाप्पा?" ग्राफिक्स कार्ड अकोल्याच्या एका दुरुस्तीवाल्याकडून वापरलेलं आणलं. प्रोसेसरवर बसवायचा ॲल्युमिनियमच्या पात्यांचा गठ्ठा आईच्या मसाल्याच्या डब्यापेक्षा मोठा होता. पंखे मोठे घेतले, कारण मोठा पंखा सावकाश फिरूनही तेवढीच हवा ओढतो. प्रोसेसरवर लावायची पेस्ट तुरीच्या दाण्याएवढीच हवी, जास्त लावली तर उलटं होतं, हे त्यानं आईला समजावून सांगितलं आणि आई म्हणाली, "म्हंजे खायच्या चुन्यावानीच न." पंख्यांचा थरथराट पत्र्यात उतरू नये म्हणून सायकलच्या ट्यूबच्या चकत्या कापून स्क्रूखाली घातल्या.

धुळीचा प्रश्न राहिला. मळणीच्या दिवसांत आमच्याकडे हवा म्हणजे अर्धा भुसाच. भावानं माळ्यावरून बाबांची छपाईची जुनी स्क्रीन काढली. मोठी अक्षरं असली की बाबा पत्रक छापखान्यात न देता घरीच शाईनं छापायचे, लाकडी चौकटीवर ताणलेल्या जाळीतून. ती जाळी त्यानं घासून धुतली, कापली आणि यंत्राच्या तोंडावर बसवली. मी काही बोलणार होते, पण बाबांनी डावा हात हलवून मला गप्प केलं. कितीही धुतली तरी जाळीवर अक्षरांची सावली राहिलीच. उजेडात धरली की फिकट दिसायचं: जागे व्हा. पुढचं उद्गारचिन्ह कापताना गेलं होतं.

मग चाचणी. ती मला अजून जशीच्या तशी दिसते. भाऊ पाठमोरा बसला, गेम सुरू केला आणि म्हणाला, "बाबा, हाक मारा."

बाबा म्हणाले, "पानी."

भावानं न वळता हात वर केला. म्हणजे, ऐकू आलं. त्यानं पंख्यांचा वेग थोडा वाढवला. "पुन्हा मारा."

"पानी."

हात वर. वेग आणखी वाढवला. "पुन्हा."

बाबा काहीच बोलले नाहीत. भाऊ वळला. बाबांनी पूर्ण ताकद लावून म्हटलं, "अबे, पानी देनार हायेस, का मंत्र्यावानी नुसता हातच वर करनार?"

आई दारात पदर तोंडाला लावून हसत सुटली. लकव्यानंतरचं बाबांचं ते सगळ्यात लांब वाक्य होतं. भावानं धावत जाऊन पाणी आणलं. त्या वेगावर त्यानं खूण करून ठेवली. यापुढे पंखे याच्यावर जाणार नाहीत, गेम अडकला तर अडकला.

तो हिवाळा बरा गेला. यंत्र चालू आहे की बंद, ते दिव्यावरून कळायचं. बाबा हाका मारायचे. पाण्यासाठी, कूस बदलायला, कधी नुसतंच, आपली हाक पोचते का हे बघायला. भाऊ खेळता खेळता उठायचा आणि पडद्यावर मरायचा. त्याचे खेळगडी त्याला शिव्या घालायचे. तो म्हणायचा, "मेलो तर मेलो. बाप बलावून राह्यला."

इथं हे लिखाण थांबवता आलं असतं तर मी सुखी मुलगी असते.

पण एप्रिल आला. टिनाखालची ती खोली तुम्हाला माहीत नसेल तर मी सांगून कळणार नाही. दुपारी भिंतीला हात लावला की तव्याला लागल्यासारखा चटका बसायचा. ज्यांच्या डोक्यावर स्लॅब आहे त्यांनी योजना आखायच्या आणि ज्यांच्या डोक्यावर टिन आहे त्यांनी त्या पत्रकात वाचायच्या, असा हा देश आहे. यंत्र त्या खोलीतलीच हवा आत घेणार, आणि ती हवाच उकळती. पंखे वर जायला लागले. भावानं त्यांना खुणेच्या वर जाऊ दिलं नाही तर यंत्र बंद पडायचं.

आणि बाबांसाठी कूलर लावावाच लागला. आमच्याकडे कूलर ही चैन नाही. उन्हाळा जिवंत पार करायचं ते साधन आहे. टिनाचा पेटारा, तीन बाजूंना वाळ्याच्या नव्या ताट्या, खाली बोअरचं पाणी. तो खिडकीत बसवला आणि बटण दाबलं, तसा तो जुन्या यंत्रापेक्षाही मोठ्यानं गर्जला. इतके महिने एकेका पंख्याची कुजबुज मोजणारे आम्ही त्या गर्जनेसमोर नुसते बसून राहिलो. बाबांचे ओठ हलले. काय म्हणाले, कुणालाच कळलं नाही.

"कूलर हळू कर," मी म्हणाले.

"हळू केला तं त्याहिले घाम सुटते," आई म्हणाली. "बंद केला तं जीव जाईल."

वऱ्हाडात जे तापतं ते कूलरसमोर ठेवतात. तापलेलं लेकरू, लग्नातला घामेजलेला नवरदेव, पिकायला घातलेल्या आंब्यांतला उतरत चाललेला आंबा, मोबाईल, सगळं. तसाच भावानं कॉम्प्युटर कूलरच्या झोतात नेला. निदान त्याचे पंखे तरी गप्प राहतील. आम्हा कुणालाच त्यात वावगं दिसलं नाही. उलट मी म्हणाले, हे आधी का सुचलं नाही! यंत्राचं तापमान झटक्यात उतरलं. भाऊ खूश झाला. आई म्हणाली, "आता दोघायलेही हवा." कूलर दिवसरात्र चालू राहिला, आणि बाबांचं पाणी, कूस बदलणं, सगळं आम्ही घड्याळ बघून करू लागलो.

आमच्या बोअरच्या पाण्यानं भांड्यांवर पांढरे थर बसतात, कूलरच्या ताट्या मेअखेरीला चुन्यात बुडवल्यासारख्या होतात, हे आम्ही जन्मापासून बघतो. त्या पाण्याचे बारीक तुषार हवेबरोबर येतात, तोंडावर बसतात, बरं वाटतं. तेच रोज त्या जाळीतून आत जात होते.

मे संपायच्या आत एका दुपारी यंत्र बंद पडलं ते पुन्हा चालू झालंच नाही. भावानं झाकण उघडलं. आत सगळीकडे पांढरी भुकटी. ग्राफिक्स कार्डाच्या पायांवर हिरवट गंज. पंख्यांच्या पात्यांवर तेच थर, जे आमच्या माठावर असतात. त्यानं अकोल्याला फोन लावला.

दुरुस्तीवाल्यानं एकच विचारलं, "कूलरच्या हवेत ठेवला होता काय?"

"हो."

"लय झाले बाप्पा. मे लागला का सारं वऱ्हाड माह्या दुकानात येते, न समद्यायची गोष्ट हेच. फेकून दे आता."

भाऊ त्या उघड्या यंत्रासमोर बसून राहिला. तेवढ्यात लाईट गेली. कूलर घरघरत थांबला. खोलीत अशी शांतता झाली, की शेजारच्या घरात कुणीतरी भाकर थापत होतं तेही ऐकू आलं. आम्हाला हवी होती तीच शांतता, आमच्या काहीही कर्तृत्वाविना मिळालेली.

भाऊ खाटेकडे वळला. "बाबा, हाक मारा."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. आम्ही तिघं खाटेभोवती वाकलो. आईचा श्वास मला ऐकू येत होता.

बाबांनी डावा हात वर केला.

"हात नको बाबा, हाक मारा. पानी म्हना."

त्यांनी पुन्हा हात वर केला. ओठ उघडले, नुसती हवा आली. कूलर लागल्यापासून त्यांनी किती हाका मारल्या असतील आणि कधी मारणं सोडलं असेल, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. डॉक्टरनं सांगितलं तसंच झालं होतं. आम्ही यंत्राचा आवाज घालवला आणि पाठोपाठ बाबांचाही गेला.

यंत्र आता बाजेखाली आहे, कापडात गुंडाळलेलं. भावानं गेम सोडला, पण कुणाच्या भाषणानं नाही. तो बाबांकडे तोंड करून बसतो, कारण हात दिसावा लागतो. डॉक्टर म्हणतात, प्रयत्न करत राहा. त्यांच्या स्वरावरून कळतं, प्रयत्न आता आमच्यासाठी आहे. मी रोज बाबांच्या उशाशी त्यांचीच जुनी पत्रकं मोठ्यानं वाचते. ते ऐकतात. उद्गारचिन्ह आलं की पापणी हलते, असं मला वाटतं. आईला तसं वाटत नाही.

आमच्या घरी पत्रकाच्या शेवटी आवाहन असायचं. हे माझं आहे, आणि आज पाळण्यासारखं आहे. घरी गेलात की पंखा, टीव्ही, कूलर, मोबाईल, सगळं थोडा वेळ बंद करा. उकडलं तर उकडू द्या. मग तुमच्या घरातल्या सगळ्यात हळू आवाजाच्या माणसाजवळ बसा आणि त्याला हाक मारायला सांगा. ऐकू आली तर नुसता हात वर करू नका. उठा, आणि पाणी द्या.