मेंढ्यांचा पारखी भारत

पडेगावच्या भारतला मेंढ्यांतलं जेवढं कळतं तेवढं आसपास कुणाला नाय. मेंढा विकत घ्यायचा तर गडी शिंगं बघत बसत नाय. सरळ मागं जातो अन् अंड चाचपतो. कळप गाभण राहिला नाय तर आधी मेंढा तपासायचा, हे धनगराच्या घरात शिकवावं लागत नाय.

अन् हाच शहाणा सहा वर्षं नुसती बायको तपासत होता! आता बोला! रिपोर्ट मंजुषाचे, उपास मंजुषाचे, ताईत मंजुषाच्या गळ्यात. कुणाची ओटी भरायची असली, की तिला चुलीकडं धाडायचे. शेवटी त्याची आई कडूबाई दुसरी पोरगी बघायला लागली. भारतचा मंजुषावर लई जीव, पण आईपुढं दातखीळ बसायची.

शेवटचा उपाय म्हणून दोघं शहरातल्या डॉक्टरीणबाईंकडं गेले. बाईंनी फाईल मिटून विचारलं, "आणि यांना कुणी तपासलं?"

मंजुषाच बोलली, "ते मेंढा तपासत्यात, मॅडम. स्वतःला नाय."

भारतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तपासलं तर डाव्या अंडाभोवतीच्या शिरा फुगलेल्या. तिथं रक्त साचतं, उष्णता वाढते अन् बी कमी पडतं. व्हेरिकोसील म्हणतात त्याला. बाई म्हणाल्या, "जांघेत छोटीशी चीर देऊन, सूक्ष्मदर्शकातून बघत त्या शिरा बांधू. उद्या आलात तर परवा घरी. खात्री देत नाही, पण आशा चांगली आहे."

ऑपरेशन झालं. घरी मात्र भारतनं सांगितलं, हर्नियाचं होतं. तीन महिन्यांनी रिपोर्ट सुधारला अन् वर्षाच्या आत मंजुषाला दिवस गेले. गडी आनंदानं वेडाच व्हायचा राहिला!

सातव्या महिन्यात ओटी भरायला अख्खी वस्ती लोटली. कडूबाई जो भेटेल त्याला सांगत होती, "फिटला बाई एकदाचा सुनेचा दोष!" मंजुषा खाली मान घालून बसली होती. ते बघून भारतला राहवलं नाय. तो बायांच्या गराड्यात घुसला.

"आई, दोष तिचा नव्हताच. माझा होता. हर्निया नाय, त्याचंच ऑपरेशन केलं मी."

कडूबाईनं आधी लेकाच्या पाठीत धपाटा घातला, मग सुनेला पोटाशी धरून रडली.

"तुला तर ठावं होतं ना गं? मग इतके दिवस गप का राहिलीस?"

मंजुषानं डोळे पुसले अन् ती भारतकडं बघून हसली. "ते त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं, आत्याबाई."