मावशीने लपवलेला ताप

अन्याय झाला माझ्या मावशीवर, दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी साडेदहाला. विश्रांतवाडीत ब्लाउज शिवणाऱ्या, मराठी सातवी पास बाईपुढे रुग्णालयाने अकरा पानांचा इंग्रजी अर्ज ठेवला. कॅन्सरवरच्या नव्या लशीची चाचणी. "इथे सही करा." तिने केली.

मी तेव्हा हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासायचो आणि सुट्टीत पत्रकं लिहायचो. 'मावशी म्हणजे उंदीर नव्हे' हे पत्रक नारायण पेठेत छापायला निघालो, तेवढ्यात तिच्या शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये तापाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं सापडली. लस टोचली की दोन दिवस तिला ताप यायचा. ती गुपचूप गोळी घ्यायची आणि डॉक्टरांना सांगायची, ठणठणीत आहे.

"कळलं तर काढून टाकतील रे मला. दुसरं औषध उरलंय का माझ्यासाठी?"

तिला घेऊन मी थेट चाचणी घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. टेबलावर पत्रक आपटलं. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं.

"आवाज मोठा आहे. माहिती शून्य." मग मावशीकडे वळून, "अहो, साध्या तापासाठी कोणी काढत नाही. शरीरातल्या पेशी एकमेकींना बोलावायला जी रसायनं सोडतात, त्यातलं एक या लशीत आहे. सायटोकाइन म्हणतात. त्याने ताप येऊ शकतो. तो लपवलात, तर डोस झेपतोय का हे आम्हाला कळायचं कसं?"

"हे अर्जात आहे?" मी विचारलं.

"सातव्या पानावर."

"इंग्रजीत."

बाईंनी टेबलाचा खण उघडला. मग कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "लिहा मराठीत. चुका मी काढते, रुग्णालयाच्या नैतिकता समितीची मंजुरीही मीच आणते."

तीन शनिवार बसलो. मी लिहिलं, 'पेशींमधील संदेशवाहक रेणू'. मावशी म्हणाली, "यापेक्षा ते इंग्रजी बरं होतं." शेवटी तिचीच वाक्यं अर्जात गेली: 'या औषधाने अंगातल्या राखणदार पेशींना हाक जाते, की ही गाठ ओळखा. त्या ऐकतात का, तेच बघायचं आहे. ताप आला तर लगेच कळवा.'

नव्या अर्जावर तिने पुन्हा सही केली, वाचून. आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती तापाचे आकडे लिहिते. मागच्या तपासणीत गाठ वाढलेली नव्हती. बाई म्हणाल्या, एवढ्यात काही ठरवू नका. मावशीने येताना पेढे घेतलेच.

तुमच्या घरातलं कोणी अशा अर्जापुढे बसलं असेल, तर आधी त्यांच्या हातातलं पेन काढून घ्या. अर्ज मराठीत मागा, मोठ्याने वाचून घ्या. मगच पेन परत द्या.