उठून जायची सोय

भावतोल करताना मी उठतो. जुनी सवय आहे. समोरच्यानं आकडा सांगितला की गुडघ्यांवर हात मारायचे, "नाही जमत, येतो" म्हणायचं आणि दाराकडे निघायचं. फार भरभर चालायचं नाही. चपला घालताना थोडा वेळ लावायचा. पिंपरीत मी आधी लेथवर कामगार होतो, मग स्वतःचं छोटं वर्कशॉप काढलं. त्या सगळ्या वर्षांत, चपलेत दुसरा पाय जायच्या आत "अहो बसा हो, चिडता काय" असं न म्हणणारा माणूस मला भेटला नाही. त्या एका हाकेवर मी धंदा उभा केला.

पुठ्ठ्याची खोकी बनवायला बंगळूरला आलो तो हिंदीच्या भरवशावर. शाळेत आमचे हिंदीचे सर छातीवर हात ठेवून सांगायचे, राष्ट्रभाषा आली की देशात कुठंच अडत नाही. घटनेत तसं काही लिहिलेलं नाही हे मला पन्नाशीत कळलं, तेही रिक्षावाल्याशी वाद घालताना. पण सरांचं अगदीच खोटं होतं असंही नाही. यशवंतपूरच्या माझ्या शेडमध्ये मशीनवरची पोरं बिहारची आणि ओडिशाची, त्यांच्याशी हिंदीतच चालतं. कोरमंगल्यातल्या ज्या नव्या कंपन्यांना मी खोकी देतो, तिथं पुण्या-नागपूरची मुलं बसलेली असतात. "सर, क्वालिटी थोडी इम्प्रूव्ह करा ना," असं मराठीत म्हणतात आणि शेजारच्याकडे वळून हिंदीत हसतात.

अडलं ते शेडच्या मालकापाशी. सगळे त्याला यजमान म्हणतात. जिथं आज शेडची रांग आहे, तिथं त्याच्या वडिलांचं नाचणीचं शेत होतं. पहिल्याच भेटीत मी हिंदी सुरू केली तेव्हा त्यानं हात आडवा केला. "हिंदी बेडा." नको. रागानं नाही. पोट भरलेला माणूस आणखी भात नको म्हणतो, तसं.

मग मध्ये अण्णा आले. अण्णा इथलेच मराठी. तीन-चारशे वर्षांपूर्वी कुठल्या तरी सैन्याबरोबर आलेलं घराणं. घरात मराठी बोलतात, पण दर वाक्यात एखादा कन्नड शब्द असतोच. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, यजमानांचे शेजारी. मी मराठीत बोलायचो, अण्णा कन्नडात सांगायचे. मला पहिल्यापासून संशय होता. माझी चार वाक्यं त्यांच्या तोंडात अर्धी व्हायची.

"अण्णा, मी एवढं बोललो, तुम्ही एवढंच सांगितलंत?"

"स्वल्प थांब रे. सगळं सांगितलं."

"मग ते हसले का?"

"हसू आलं, हसले. तुझ्या बापाचं काय गेलं?"

एकदा मी अण्णांवरच उखडलो. दोघांना थोडी थोडी हिंदी येते, मग हिंदीत बोलायला या माणसाला काय होतं? अण्णा म्हणाले, "हिंदी तुझी नव्हे, त्यांची नव्हे. दोघं परक्याच्या ओसरीवर जाऊन कशाला भांडता?" त्या बोलण्याचा राग मला अजून आहे. पण एक कबूल करतो. हिंदीत मी ओरडलो की माझं मलाच सिनेमातल्यासारखं वाटतं. आवाज होतो, वजन पडत नाही.

बायकोनं मात्र भाजीवालीकडून कन्नड उचललं. मी इथल्या लोकांच्या नावानं खडे फोडायला लागलो की ती भाकरी थापता थापता म्हणते, "पिंपरीत दूधवाल्या भय्याला काय म्हणायचात? आधी मराठी शीक, मग पैसे देतो. आता बसा."

दर करारावेळी यजमानांच्या घरी माझं एकच चालायचं. आकडा ऐकायचा, उठायचं, जिन्यापर्यंत जायचं, आतून हाक यायची, परत बसायचं. आकडा थोडा उतरलेला असायचा. एवढ्यापुरतं हे शहर मला कळलंय असं वाटायचं. सलायची फक्त एक गोष्ट. तिथं यजमानांच्या बायकोनं, अक्कानं, केलेलं उपीट सगळ्यांना मिळायचं, पण माझ्या बशीतलं अळणी. कॉफी बिनसाखरेची. परक्याला असंच वाढतात, अशी मी मनाशी नोंद केली होती.

गेल्या वर्षी अण्णा मुलाकडे हैदराबादला राहायला गेले. नेमका तेव्हाच करार संपला. आणि कानावर आलं की यजमानांच्या मुलाला माझी शेड गोदामासाठी हवी आहे. माझी मशीनं फरशीत बोल्ट मारून बसवलेली आहेत. ती उचलायची म्हणजे धंदा महिनोन् महिने बंद, आणि तोवर गिऱ्हाईक थांबत नाही. त्या दिवशी जिना मी एकटाच चढलो.

यजमानांनी आकडा सांगितला. भारी होता. पण आकडा सांगितला म्हणजे शेड द्यायची तयारी होती, एवढं मला कळलं. अंगात वीज आली. गुडघ्यांवर हात मारले, "नाही जमत, येतो" म्हटलं, मराठीतच, आणि उठलो. चपला घातल्या. एक पाय. दुसरा पाय. पट्टा उगाच सोडून परत लावला.

हाक आली नाही.

जिना उतरलो. तरी नाही. खाली मोटारसायकलपाशी उभा राहिलो, आरसा पुसला, वर पाहिलं. खिडकीत कोणी नव्हतं. अण्णांना फोन लावला.

"मालक बोलावत नाहीये!"

"कशाला बोलावतील? तू उठून गेलास. त्यांना वाटलं असेल, नको म्हणाला."

"इतकी वर्षं बोलवायचे ना!"

"ते कुठं रे? मी बोलवायचो. त्यांच्यात बसलेला माणूस असा उठत नाही. उठला, म्हणजे संबंध संपला."

"मग तेव्हा त्यांना काय वाटायचं?"

अण्णा म्हणाले, "मी सांगायचो, याला बीपी आणि शुगर आहे, गोळी गाडीत राहिली. आणायला गेला."

"दरवेळी?"

"दरवेळी. म्हणून तर अक्का तुझं उपीट वेगळं करायची."

मी त्यांना जे बोललो ते इथं लिहीत नाही. अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हेसुद्धा मी नसतं सांगितलं त्यांना." माझ्या डोक्यात तिडीक गेली. आभार मानायचं सुचलंही नाही. माझं बोलणं, माझा राग, माझी सगळी चाल या माणसानं वाटेतच पिऊन टाकली होती. वर बसलेल्या म्हाताऱ्याच्या लेखी मी एक मवाळ, आजारी, गोळ्या विसरणारा गृहस्थ होतो. आणि तो मवाळ गृहस्थच इतकी वर्षं त्या शेडमध्ये टिकला होता. मी नव्हे.

मोटारसायकलची किल्ली हातात होती. किक मारली असती तर मान राहिला असता. पण मशीनं फरशीत होती.

वर गेलो. दार उघडंच होतं. यजमान तिथंच बसले होते, शेजारी त्यांचा मुलगा येऊन उभा राहिला होता. मला पाहून म्हातारा म्हणाला, "मात्रे सिक्ता?" गोळी सापडली का?

मुलाकडे पाहिलं. त्याच्याशी हिंदीत बोलता आलं असतं, त्यालाही ते आवडलं असतं. पण त्याला शेड हवी होती. मी म्हाताऱ्यासमोर बसलो आणि होते तेवढे शब्द बाहेर काढले. "यजमान्रे, शेड बेकु. मशीन दोड्डदु. नानु होगल्ला." शेड हवी. मशीन मोठं. मी जाणार नाही. अडीच वर्षांचं पोर बोलतं तसं. त्यात ना टोमणा, ना धमकी, ना मस्करी. भाव पाडायला लागणारी एकही वस्तू त्यात नव्हती.

मुलगा हसला. यजमानांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि तो आत गेला. मग म्हातारा सावकाश बोलला, प्रत्येक शब्द वेगळा. आकडा तोच. उठायची ऊर्मी पायात आली, ती मी खुर्चीचे हात धरून दाबली, कारण आता हाक मारणारं कोणी नव्हतं.

"सरी," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याचा पहिला आकडा घेतला.

निघताना त्यांनी एक अट घातली. भाडं बँकेत टाकायचं नाही. दर महिन्याला मीच यायचं, एकट्यानं, आणि बसून बोलायचं. "नीवे बन्नी," तुम्हीच या, असं दोनदा म्हणाले. त्यांना तो पाहुणचार वाटला असेल. मला दर महिन्याची परीक्षा वाटते.

आता मी जातो. हवापाणी, पाऊस, रस्ता, मुलांची शिक्षणं, एवढं बोलता येतं. म्हातारा खूश असतो. लोक म्हणतात, बघा, रुळलात तुम्ही. रुळलो कसला? इथल्या भाषेत मला अजून गोडच बोलता येतं, कारण कडू बोलायला लागणारे शब्द माझ्याकडे नाहीत. परतताना यशवंतपूरच्या सिग्नलला गाडी अडकली की त्या दिवशी काय म्हणायला हवं होतं ते मी मराठीत ठणठणीत म्हणतो, आणि मग एकेक वाक्य कन्नडात बसवायला घेतो. अर्ध्यावर शब्द संपतात. मागचे हॉर्न वाजवायला लागतात.