उजव्या हाताला पुरेल अशी गाडी

कुंदनने छोट्या मोटारींची तुलना करायला जो तक्ता केला होता त्यात बेचाळीस रकाने होते. चूक त्या बेचाळीसांपैकी एकातही नव्हती. चूक त्याने तोंडी केली.

"काका, ही चावी कशात घालायची नाय, फिरवायची नाय. नुसती तुमच्या अंगावर असली की गाडी आपोआप ओळखते. एकच ध्यानात ठेवा, हिला अंगावेगळी करू नका."

वामनकाकांनी पस्तीस वर्षं सातपाटीहून बोट नेली होती. तांडेलाने सांगितलेलं खलाशाने कसं पाळायचं असतं हे त्यांना ठाऊक होतं, आणि गाडीच्या बाबतीत तांडेल होता पुतण्या. त्यांनी चावी करदोड्याला बांधली. झोपताना कमरेला, आंघोळीपुरती खुंटीला, पुन्हा कमरेला. बुधवारी संध्याकाळी भरतीच्या वेळी चुलतभावाची बोट धक्क्याला लागताना दोर निसटला आणि काका कमरेइतक्या पाण्यात उतरले. अशा वेळी कोणी उतरायचं हे गावात कुणी ठरवत नाही. जवळ असेल तो उतरतो. काका उतरले तशी चावीही उतरली.

गुरुवारी सकाळी ती चालली. खारं पाणी लगेच काही करत नाही, रात्रभर आणि अर्धा दिवस घेतं. दुपारी बाराला, बोईसरच्या डायलिसिस सेंटरपुढे, पुष्पलताकाकी चार तास मशीनला लागून बाहेर आल्या तेव्हा गाडीने कुणालाच ओळखलं नाही.

कुंदन तारापूर एमआयडीसीत एका रसायनाच्या कारखान्यात क्वालिटी विभागात होता. दुसऱ्यांचा माल नापास करण्याचा त्याला पगार मिळायचा. आत फोन नेता येत नसे, म्हणून जेवणाच्या सुट्टीत त्याला काकांचे सात मिस्ड कॉल दिसले. तो बाइक काढून पोचला तेव्हा काकी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या होत्या. डावा हात मांडीवर उताणा ठेवलेला, त्यावर पदर. पदराला रुपयाएवढा लाल डाग. ऊन असं की पायरीचा चटका बसत होता, आणि काकांनी आपला शर्ट काढून त्यांच्याखाली अंथरला होता.

"तूच बोललास ना, अंगावेगळी करू नको," काका एवढंच म्हणाले. ते रागावले असते तर कुंदनला बरं वाटलं असतं.

जवळच पंढरीचं गॅरेज होतं. पंढरी मूळचा सांगोल्याकडचा, वीस वर्षांपूर्वी कारखान्यात कामाला म्हणून आला आणि मशीनपेक्षा मोटारीत रमला. त्याने चावी हातात घेतली, बाजूची खिट्टी दाबली आणि तिच्या पोटातून बोटाएवढी साधी लोखंडी चावी बाहेर ओढली.

"ही आत हुती की. सांगितलं नाय का कुणी?"

दार उघडलं. इंजिन काही उठलं नाही. काकींना रिक्षाने न्यावं लागलं, आणि उमरोळीच्या पुढे प्रत्येक खड्ड्याला त्यांनी डोळे मिटून घेतले. मागून बाइकवर येणाऱ्या कुंदनला रिक्षाच्या पाठच्या प्लास्टिकमधून त्यांचं डोकं इकडून तिकडे हलताना दिसत होतं.

पुष्पलताकाकी म्हणजे कोण, हे पालघरच्या बाजारात विचारावं. तीस वर्षं त्यांनी तिथे मासळी विकली. पहाटे धक्क्यावर लिलाव, मग टेंपो, मग दुपारपर्यंत तो एकच ओटा. गिऱ्हाइकाने भाव पाडला की त्या भांडत नसत. मासा परत टोपलीत ठेवत आणि दुसरीकडे बघत. गिऱ्हाईक स्वतःच वर चढायचं. कुठलाही मासा त्या आधी कल्ला उचलून बघत, मग अंगठ्याने दाबत, मग वास घेत. हिमानीच्या, म्हणजे त्यांच्या मुलीच्या, लग्नात जावईसुद्धा त्यांनी याच क्रमाने पारखला अशी गावात थट्टा होती. दोन वर्षांपूर्वी दोन्ही मूत्रपिंडं गेली. डॉक्टरांनी डाव्या हातात एक शीर जोडून दिली आणि सांगितलं, या हाताने वजन उचलायचं नाही, तो दाबायचा नाही, कशाला आपटू द्यायचा नाही. ही शीर गेली तर सुई लावायला जागा राहणार नाही. ओटा त्यांनी भावजयीला दिला. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी साडेसातची खुर्ची. एक खेप चुकली की अंगात पाणी भरतं आणि दोन चुकल्या तर काय होतं ते त्यांच्याबरोबर सुरुवात केलेल्या, पालघरजवळच्या माहीमच्या एका बाईंच्या घरी जाऊन त्या बघून आल्या होत्या.

गाडी हवी होती ती यासाठी. आणि कुंदनने बेचाळीस रकान्यांत काय मोजलं होतं? मागचा कॅमेरा, स्क्रीन किती इंचाची, आरसे आपोआप मिटतात का, बटनाने चालू होते का. सीट जमिनीपासून किती उंच, दार किती उघडतं, उतरताना धरायला काही आहे का, हे रकाने नव्हते. पंढरीने तो कागद चष्मा कपाळावर चढवून वाचला आणि म्हणाला, "लई भारी. ह्यात माणूस कुठं बसवायचा?"

नवी चावी यायला पंधरा दिवस लागणार होते आणि काकींच्या खेपा तोवर थांबणार नव्हत्या. डीलर ओळखीचा निघाला म्हणून ती गाडी परत घेऊन बदल्यात दुसरी द्यायला तयार झाला. रविवारी सगळे त्याच्या आवारात गेले. काकी काळपट पडल्या होत्या, पण बाजारात जायचं तशी वेणी घालून आल्या होत्या. समोर तीन गाड्या काढून ठेवलेल्या. लाल, चंदेरी, पांढरी.

"काकी, लाल बघा. चार वर्षांची, एकच मालक. मागे एसीची वेगळी जाळी," कुंदन म्हणाला. सवय जात नाही.

काकींनी पुढचं दार उघडून आत तोंड घातलं. आरशाला अत्तराची बाटली टांगलेली होती. त्यांनी ती काढून डीलरच्या हातात दिली, पुन्हा वास घेतला.

"कुंदन, चटई उचल."

"अहो काकी, आतून नवीन केलीय," डीलर म्हणाला.

"मग बघायला काय हरकत हाय?"

चटईखालचं कापड हाताला ओलसर लागलं. काकींनी दोन बोटं फिरवून अंगठ्याशी चोळली. बारीक गाळ. "खाडीचा नाय, पावसाचा. पाण्यात बुडालेली हाय ही. वर नवीन कापड घातलं म्हणून शिळा मासा ताजा होत नाय." डीलर आपल्याला पण ठाऊक नव्हतं म्हणाला, आणि कदाचित खरंच नसेल.

चंदेरी गाडी काकांना आवडली. गिअर आपोआप पडायचे, डाव्या पायाला काम नाही. पासष्टीच्या माणसाला ते बरंच. काकी मागे बसल्या आणि छान म्हणाल्या. कुंदनने पंढरीकडे पाहिलं. पंढरी गाडीखाली आडवा होऊन टॉर्च मारत होता. तो खालूनच बोलला.

"गाडी चांगली हाय. पर हिचा गिअर बिघडला तर कंप्यूटर लावणारा माणूस ठाण्याहून येतो. तीन दिवस, चार दिवस. काका, तुम्हाला चालंल. काकींचा मंगळवार थांबतोय का?"

पंढरी गाडीखालून बाहेर आला.

"गाडी बिघडत नाय असं कुणी सांगितलं तर इस्वास ठिऊ नका. बिघडनार. कुठं बिघडल आणि किती टायमात उठंल, तेवढं बघायचं."

कुंदनला वाटलं, आपल्या तक्त्यात 'दीर्घकाळ टिकाऊपणा' असा एक रकाना होता आणि त्यात आपण इंटरनेटवरचे तारे मोजून भरले होते.

पांढरी अकरा वर्षांची होती. स्क्रीन नाही, कॅमेरा नाही, मागच्या काचा हाताने फिरवायच्या. चावी साधी, भोकात घालून फिरवायची. पंढरीने बॉनेट उघडून आवाज ऐकला, खाली हातोडीच्या दांड्याने पत्रा ठोकत गेला आणि एके जागी थांबून पुन्हा ठोकला. "हितं गंज धरलाय. समुद्राकाठची हाय. मी पत्रा घालून देतो, दरसाल पावसाळ्याच्या आधी तेल मारून घ्या. इंजिन दोन लाख किलोमीटर जातं, मी स्वतः नेलेली हायत. हिचा पार्ट पालघरात मिळतो, बोईसरात मिळतो, मासवणच्या नाक्यावर पण मिळतो."

आता काकींची पाळी. ड्रायव्हरशेजारी बसलं की दार डावीकडे, पट्टा डाव्या खांद्यावरून, आणि खड्ड्यात डावा हात दारावर आपटणार. पहिल्या गाडीत तेच व्हायचं. त्या बोलल्या नव्हत्या, पुतण्याने हौसेने निवडली म्हणून. ड्रायव्हरच्या मागे बसलं की दार उजवीकडे येतं आणि डावा हात मधे, मोकळा. त्या पांढरीत तशा बसल्या. दार चांगलं रुंद उघडलं, सीट उंच होती. मग उतरायला त्यांनी उजवा हात वर नेला, आणि तो हवेतच राहिला. धरायला काही नव्हतं. त्या क्षणभर तशाच थांबल्या, मग शरीर रेटायला डावा हात सीटवर टेकवणार तोच काका ओरडले, "पुष्पा!"

काकी दचकून मागे बसल्या. काका धावत आले आणि त्यांनी काकींचा डावा हात मनगटाशी हलकेच, काचेचा असावा तसा उचलून मांडीवर ठेवला. बोईसरच्या रस्त्यावर ट्रक जात राहिले. डीलरसुद्धा दुसरीकडे बघू लागला.

"नको ही," काका म्हणाले.

"हीच घ्यायची," काकी म्हणाल्या. "मूठ बसवता येत नाय का रे, पंढरी?"

बसवता आली. भंगारातल्या एका मोठ्या गाडीची मूठ पंढरीने काढून आणली, छताच्या कडेला आत लोखंडी पट्टी दिली आणि दोन दिवसांत बसवली. मग स्वतः लोंबकळून बघितलं. कुंदनला लोंबकळायला लावलं. "तू चूक केली हायस, तू जास्त येळ लटक."

पैसे घ्यायला मात्र तयार नाही. काका दोनदा म्हणाले, तिसऱ्यांदा काकी म्हणाल्या, तेव्हा तो मान खाजवत बोलला, "काकी, पैशाचं ऱ्हाऊ द्या. आमची बायको सुगंधा मासे आणती नि दर खेपेला शिळं घिऊन येती. आमचा मुलूख कोरडा, तिला काय कळनार. तिला एकदा बाजारात हाताला धरून हिंडवा. कल्ला कसा बघायचा, काय."

"एवढंच ना? सोमवारी घेऊन जाते."

याला आता आठ महिने झाले. पांढरी गाडी एकदा बंद पडली, मंगळवारीच, उमरोळीला. पंख्याचा फ्यूज उडाला होता. पंक्चरवाल्याने तो बदलला, बारा मिनिटं लागली, काकी साडेसातच्या खुर्चीवर सात बत्तीसला बसल्या. कुंदनने तक्ता पुसून टाकला नाही. त्यात एकच रकाना वाढवला आणि तारीख घालून हे लिहून ठेवलं. खेप एकही चुकलेली नाही.

सोमवार तेवढा येत नाही. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी अंग गळालेलं असतं, आणि शनिवारनंतर दोन दिवस मोकळे गेल्यामुळे सोमवारी पायांवर सूज येते, चार पावलांत दम लागतो. बाजारात तास-दीड तास उभं राहणं आता कुठल्या वारी जमेल हे डॉक्टरही सांगत नाहीत. कुंदनने सुचवलं, सुगंधावहिनीला फोटो पाठवायला सांगू. काकी चिडल्या. "फोटोचा कल्ला उचलता येतो काय? काय पन बोलतो."

गेल्या शनिवारी गॅरेजपुढे गाडी हळू झाली तेव्हा सुगंधा दारात होती. काकींनी उजव्या हाताने काच फिरवून खाली घेतली.

"ह्या सोमवारी नक्की गं."

"तुमी बऱ्या व्हा, काकी. मासे कुठं पळत्यात?"

काकींनी मान हलवली. काकांनी घड्याळ बघितलं आणि गाडी पुढे काढली. त्या सोमवारी काकींना आडवंसुद्धा होता आलं नाही. रात्रभर भिंतीला टेकून बसल्या, आणि मंगळवारी दोघं नेहमीपेक्षा दहा मिनिटं लवकर निघाले. गॅरेज अजून उघडलेलं नव्हतं.